८५ डॉलरमध्ये घरची बिअर: सामान जमवण्याचा माझा अनुभव

आम्ही ओरेगॉनमध्ये, पोर्टलंडला राहतो. समोरच्या घराच्या कुंपणावर कॅस्केड जातीच्या हॉपचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वनस्पतीचा, वेल आहे. ही जात याच राज्यात, कॉर्व्हालिसला तयार झाली आणि १९७२ साली बाजारात आली. त्याची बोंडं चुरगळली की पपनसाच्या सालीसारखा वास येतो. त्या वासानेच मला बिअर करून बघायची ओढ लागली.

कायद्याचं आधी सांगते. अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानुसार दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन बिअर स्वतःपुरती करता येते. ती विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय घरी काहीच करता येत नाही. त्यामुळे हे वाचून तिकडे कुणी बादली भरायला घेऊ नका.

दुकानातला तयार संच १८० डॉलरच्या पुढे होता. एवढे पैसे पहिल्याच प्रयोगात घालायची माझी तयारी नव्हती, म्हणून एकेक वस्तू शोधायला लागले.

मोठं पातेलं सगळ्यात सोपं निघालं. इथे थँक्सगिव्हिंगच्या सणाला लोक अख्खी टर्की तळतात, त्यासाठी ३० क्वार्टचं, म्हणजे २८ लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं भांडं आणि गॅसची शेगडी घेतात, आणि एकदा वापरून गराजमध्ये टाकून देतात. मला एका गराज सेलमध्ये दोन्ही मिळून २५ डॉलरला मिळालं. तेलाचा चिकट थर घालवून त्यात नुसतं पाणी उकळलं, की आतून भांडं काळपट होतं. ते तसंच राहू द्यायचं. माझा हात सवयीने घासणीकडे गेला होता, पण तो काळपट थर भांड्याला जपतो.

बिअर आंबवायच्या बादलीने मात्र दमवलं. पहिली एका सँडविचच्या दुकानातून फुकट आणली, काकडीच्या लोणच्याची. सोडा, व्हिनेगर, चार दिवसांचं ऊन, सगळं करून झालं, पण झाकण लावून रात्रभर ठेवली की सकाळी लोणचं हजर! प्लास्टिकमध्ये मुरलेला वास जात नाही. शेवटी सुपरमार्केटच्या बेकरीत विचारलं. केकच्या आयसिंगच्या बादल्या ते रोज फेकतात. ५ गॅलनची (१९ लिटरची), बुडाला त्रिकोणात प्लास्टिकचा प्रकार सांगणारा २ आकडा असलेली, आतून गुळगुळीत अशी एक मिळाली. वर फेसाला जागा ठेवावी लागते, म्हणून मी १३ लिटरच बिअर करते.

बाटल्यांना बुचं ठोकायचं यंत्र चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या एका आजोबांकडून १० डॉलरला घेतलं. तीस वर्षं बिअर करून त्यांनी आता थांबवलं होतं. त्यांनी मोठी काचेची बरणीही देऊ केली आणि लगेच आपला तळहात दाखवला. अंगठ्यापासून मनगटापर्यंत टाक्यांची पांढरी रेघ होती. ओल्या हाताने बरणी उचलली, निसटली. मी बरणी घेतली नाही. माझी बादली त्यांनी खिडकीशी नेली, उजेडात तिरकी धरली, आतून नख फिरवलं आणि म्हणाले, ‘ओरखडा दिसला की बादली टाकायची. जंतू तिथेच बसतात.’

त्यांचं एक सांगणं मी कायम पाळते: उकळी येईपर्यंत जे लागतं ते जुनंपानं चालतं, गार झाल्यावर ज्याला बिअरचा स्पर्श होतो त्यात काटकसर नको. म्हणून एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप), बिअर बाटल्यांत काढायची सायफनची नळी, हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं साधन), बुचं आणि जंतुनाशक नवीन घेतलं, ४३ डॉलर गेले. स्टार सॅन नावाचं हे जंतुनाशक लिटरभर पाण्याला दीड मिली पुरतं आणि धुवावं लागत नाही. फेस बघून मला धुवायचा मोह झाला होता, पण नळाच्या पाण्याने धुतलं तर केलेलं वाया जातं.

मोड आणून वाळवलेली, दळलेली बार्ली ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायला पिशवी लागते. आईने दिलेलं चक्क्याचं फडकं वापरून पाहिलं, पण त्याची वीण इतकी घट्ट की पाणी निथळेना. मग जुन्या सामानाच्या दुकानातून ३ डॉलरचा जाळीदार पडदा आणला आणि हाताने पिशवी शिवली.

बाटल्या मित्रांकडून घेतल्या. ओरेगॉनमध्ये बाटली परत केली की १० सेंट मिळतात, तेवढेच मी त्यांना दिले. ४० बाटल्यांचे ४ डॉलर. तपकिरी हव्यात, आणि पिळून उघडायच्या झाकणाच्या नकोत, त्यांच्यावर बूच नीट बसत नाही.

जुलैत घर तापलं. बिअर आंबवणाऱ्या यीस्टला १८ ते २० अंश लागतात. बादली पाण्याच्या टबात ठेवून तिच्यावर ओला टी-शर्ट चढवला, माठाला ओलं फडकं गुंडाळतात तसा. इथला उन्हाळा कोरडा, त्यामुळे छान गारवा राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात एअरलॉकचा पहिला ‘बुळुक’ ऐकू आला आणि मी नवऱ्याला उठवायला धावले. दोन आठवड्यांत हायड्रोमीटर १.०५० वरून १.०१२ वर आला, म्हणजे साधारण पाच टक्के अल्कोहोल. बिअर फसफसावी म्हणून ८० ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या आणि आणखी दोन आठवडे कपाटात ठेवल्या.

पहिल्या दोन बाटल्या आजोबांना नेऊन दिल्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही रिकाम्या, तळाचा गाळ खळखळून धुतलेल्या, आमच्या दारात उपड्या ठेवलेल्या होत्या.