आधी परमिट, मग देश: थायलंडमधली भाड्याची बाईक आणि आमची कागदपत्रं

परदेशात बाईक ट्रिप करून आलो म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात रूट कुठला, मग गाडी कुठली, मग फोटो दाखव. परदेशात गाडी चालवायच्या परमिटचं कोणी विचारतच नाही. रूट तर आमचा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधे गाडीत बसल्या बसल्या ठरला होता. बाकीचा सगळा वेळ कागदात गेला, त्यामुळे मी त्याबद्दलच लिहितेय, घाटांचे वर्णन वाचायला आलेल्यांनी माफ करा.

मनात खरं तर व्हिएतनाम होतं. उत्तरेकडचा "हा जियांग" नावाचा लूप (म्हणजे गोल फिरून परत येणारा रस्ता), चीनच्या बॉर्डरजवळचे ते डोंगर, आमच्या ग्रुपमधले दोघंतिघं जाऊन आलेले, सगळ्यांचं म्हणणं एकच, "काही लागत नाही गं, पासपोर्ट दे आणि गाडी घे." गाडी मिळते हे खरंच आहे. पण गाडी मिळणं वेगळं आणि ती चालवायची परवानगी असणं वेगळं. आपल्याकडे आरटीओ जे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट देतं, ते 1949 च्या जिनिव्हा कराराखालचं असतं. व्हिएतनाम मानतं ते 1968 च्या व्हिएन्ना कराराचं. म्हणजे आपलं परमिट हातात असूनही 50 सीसीच्या वरची गाडी तिथे चालवली तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही बिनालायसन. पोलिसांनी पकडलं तर दंड भरून सुटाल, ते सोडा. पडलात आणि पाय मोडला तर ट्रॅव्हल इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न लायसनचा विचारणार, आणि तिथे सगळा खेळ संपला. हॉस्पिटलचं बिल मग स्वतःच्या खिशातून.

"असं कोण बघतं?" हे मला किती जणांनी ऐकवलं. अरे, काही झालं नाही तर कोणीच बघत नाही, झालं की सगळेच बघतात.

म्हणून मी उलटं सुरू केलं. आधी आपलं परमिट कुठे चालतं ते बघायचं, मग त्यातून देश निवडायचा. थायलंडमधे 1949 चं चालतं, तिथे गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात (ही सोय किती मोठी आहे ते पहिल्या चौकात कळतं), व्हिसाची कटकट नव्हती, आणि उत्तरेला च्यांग माईहून निघणारा मे हाँग सोन लूप आहे, साधारण 600 किलोमीटर, आणि वळणं किती तर तिथले लोक 1864 सांगतात. मोजली कोणी देव जाणे, पण मे हाँग सोनमधे त्या आकड्याचं सर्टिफिकेटसुद्धा मिळतं. नवरा म्हणाला, "माळशेजला तुझं पोट भरत नाही वाटतं." देश ठरला.

आता आमची घरची परिस्थिती. मी क्लासिक 350 चालवते, रविवारी पहाटे मुरबाडवरून माळशेज, पावसाळ्यानंतर ताम्हिणी, असं बरीच वर्षं चालू आहे. नवरा अॅक्टिव्हावाला. दोघांनी दोन गाड्या घ्यायच्या असं ठरलं. लायसन बाहेर काढली तर त्याच्या लायसनवर फक्त एलएमव्ही! म्हणजे कार. इतकी वर्षं ठाणे स्टेशनपर्यंत अॅक्टिव्हा दामटवत होता तो कुठल्या आधारावर, हे विचारल्यावर तो म्हणाला कारचं आहे म्हणजे स्कूटरचं असणारच ना. नसतं. तुमचंही एकदा काढून बघा, माझ्या ओळखीत असे अजून निघाले. मग त्याला सारथी, म्हणजे लायसनच्या सरकारी पोर्टलवरून नवीन क्लास अॅड करायचा अर्ज, त्यासाठी लर्निंग, लर्निंगनंतर 30 दिवस थांबायचं, मग टेस्ट. हा महिना कुठल्याही ओळखीने कमी होत नाही, त्यामुळे प्लॅनमधे धरायलाच लागतो. टेस्टला आजूबाजूला सगळी कॉलेजची पोरं आणि मधे हा पंचेचाळिशीचा, त्यातल्या एका पोराने त्याला "काका, पाय खाली टेकवू नका हां" असं समजावून सांगितलं म्हणे.

माझं वेगळंच. लायसन लग्नाआधीचं, कल्याणचं, एमएच 05, त्यावर माहेरचं नाव. पासपोर्ट लग्नानंतरचा, त्यावर सासरचं. आपल्याकडे बायकांची अर्धी कागदपत्रं अशी माहेर-सासर वाटून गेलेली असतात, आणि रोजच्या आयुष्यात काही अडत नाही म्हणून कोणी हात लावत नाही. पण परमिटवर नाव लायसनच्या रेकॉर्डमधून येतं. म्हणजे परमिटवर एक बाई, पासपोर्टवर दुसरी, आणि परदेशातल्या पोलिसाला मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं कसं आलं हे रस्त्यात उभं राहून कोण समजावणार? मग नावात बदल आणि पत्त्यात बदल, दोन्ही ऑनलाइन टाकलं, मॅरेज सर्टिफिकेट, आधार. सर्टिफिकेटची फाइल साइजमधे बसेना म्हणून ती छोटी केली तर अक्षरं दिसेनात, मोठी केली तर पोर्टल घेईना. शेवटी दिराने मोबाइलवर नीट स्कॅन करून दिली आणि वर "वहिनी, यापेक्षा माहेरच्या नावाने पासपोर्ट काढला असता तर" असा सल्ला दिला. भावजी, तुम्ही राहू द्या.

नवीन कार्ड पोस्टाने घरी आल्यावर मग परमिटचा अर्ज. हे सगळ्यात सोपं निघालं. सारथीवरच अर्ज, फी 1000 रुपये, लायसन आणि पासपोर्ट, मग ठाणे आरटीओत ओरिजिनल दाखवायला एक चक्कर. परमिट एक वर्ष चालतं, त्यामुळे फार आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही, तारीख नक्की झाली की काढा. पासपोर्टपेक्षा जरा मोठी, पातळ पुस्तिका असते, एकच माहिती वेगवेगळ्या भाषांत छापलेली, फोटो, आणि आता क्यूआर कोड असतो जो तुमच्या लायसनशी जोडलेला आहे. हातात आली की तिथेच खिडकीजवळ उभं राहून एक गोष्ट बघायची, ए, बी, सी असे रकाने असतात, त्यातला ए म्हणजे मोटरसायकल. त्या ए समोर शिक्का आहे का बघा. नुसता बी असेल तर ती पुस्तिका कार चालवायला. आमच्या दोघांच्या ए वर शिक्का होता, तरी नवऱ्याने चष्मा लावून परत बघितला, इतकी मेहनत त्या एका अक्षरासाठी केली होती त्याने. आणि हो, हे परमिट नुसतं चालत नाही, सोबत मूळ लायसन लागतंच.

इन्शुरन्सने मात्र माझा जीव खाल्ला. पहिल्या कंपनीच्या कॉल सेंटरवाल्या मुलीने फोनवर गोड आवाजात सांगितलं, "हो मॅडम, टू व्हीलर कव्हर आहे." मी म्हटलं हेच ईमेलवर द्या. ईमेल आलं ते असं की 150 सीसीपर्यंत, त्यापुढे अॅडव्हेंचर स्पोर्ट समजला जाईल! म्हणजे आपण इकडे रोज ऑफिसला जी गाडी नेतो तो तिकडे स्पोर्ट. दुसऱ्या कंपनीचं पॉलिसी वर्डिंग मी प्रिंट काढून हायलायटर घेऊन वाचलं, त्यात सीसीची अट नव्हती, पण त्या गाडीचं वैध लायसन हवं, हेल्मेट हवं, दारू नको, रेस नको, असं स्पष्ट लिहिलेलं. तीच घेतली, चार पैसे जास्त गेले. आणि थायलंडमधे भाड्याच्या गाडीवर जो सक्तीचा विमा असतो ना, तो फक्त माणसांना झालेल्या दुखापतीसाठी, तोही मर्यादित रकमेचा. गाडीला ओरखडा आला, आरसा तुटला, गाडी चोरीला गेली, तर त्यात काही नाही. "इन्शुरन्स इन्क्लुडेड" असं दुकानवाला लिहितो ते बहुतेक वेळा हेच असतं, म्हणून कुठला इन्शुरन्स ते विचारायचं.

गाडी निवडताना मी फोटो बघणं सोडून सीटची उंची बघितली. माझी उंची पाच फूट दोन. तिकडे सगळे होंडाची सीआरएफ 300 एल घ्या म्हणत होते, डोंगरासाठी मस्त आहे, पण तिची सीट इतकी उंच की सिग्नलला माझा एक पाय हवेत. भरलेल्या बॅगेसकट अनोळखी उतारावर थांबायचं तर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, माझं मत पक्कं आहे. होंडा रेबेल 300 ची सीट 690 मिलीमीटर, माझ्या क्लासिकपेक्षा बरीच खाली. लूपचा रस्ता सगळा डांबरी, त्यामुळे ती चालून गेली. नवऱ्याने पीसीएक्स 160 घेतली, ऑटोमॅटिक स्कूटर. "परदेशात जाऊन शेवटी स्कूटरच?" असं आमच्या ग्रुपमधे झालं, पण घाटात सगळ्यात निवांत तोच होता.

दुकानांशी बोलणं सगळं लाइन अॅपवर, तिकडे व्हॉट्सअॅपपेक्षा तेच चालतं. प्रत्येकाला मी तेच प्रश्न पाठवले. डिपॉझिट म्हणून पासपोर्ट ठेवता का? ठेवत असाल तर नको, कॉपी आणि रोख डिपॉझिट घ्या. पासपोर्ट एकदा त्यांच्या ड्रॉवरमधे गेला की ओरखड्याचे ते म्हणतील तेवढे पैसे द्यावे लागतात, आणि हॉटेलला, हॉस्पिटलला तुम्हालाच पासपोर्ट लागतो. दुसरं, गाडी लूपवर न्यायला परवानगी आहे ना, मधे बंद पडली तर कोण येणार. तिसरं, डॅमेजचा रेट कार्ड लेखी द्या. एकाने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला, तो कटाप. ज्याने आरसा, लिव्हर, इंडिकेटर, टाकीवरचा डेंट असा फोटो काढून रेट पाठवला त्याच्याकडे घेतली. साध्या 125 सीसीच्या स्कूटर दिवसाला 250-300 बाटपासून (बाट म्हणजे तिकडचं चलन) मिळतात, आमच्या दोन्ही त्याहून महाग.

महिना डिसेंबर ठेवला. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तर थायलंडमधे शेतं आणि जंगलं जळतात, धुराने डोंगर दिसत नाही आणि डोळे चुरचुरतात, स्वस्त तिकीट दिसलं तरी तेव्हा जाऊ नका. डिसेंबरला लूपवरच्या पाई गावाकडे सकाळी चांगलीच थंडी आणि धुकं असतं, "थायलंडला कसलं स्वेटर" म्हणणाऱ्या सासूबाईंना न सांगता मी जॅकेटचं लायनर भरलं. हेल्मेट दोघांची स्वतःची नेली, हातात धरून, भाड्याच्या गाडीबरोबर मिळतात ती अर्धी टोपल्यासारखी असतात. थायलंडला पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत टीडीएसी, म्हणजे डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं असतं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. आणि बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन म्वांग, पुढचं च्यांग माईचं विमान त्याच विमानतळावरून आहे ना ते बुकिंग करतानाच बघा.

गाडी घेताना नवरा कंटाळून चहा शोधायला गेला, मी दोन्ही गाड्यांभोवती व्हिडिओ घेत फिरले, टायर, डिस्क, सायलेन्सरची खालची बाजू, किलोमीटर, पेट्रोलचा काटा. दुकानातली बाई हसत होती, मग तिनेच एक जुना ओरखडा बोट ठेवून दाखवला, माझ्याकडून राहिला असता. गाडीच्या रजिस्ट्रेशनची, तिकडे ग्रीन बुक म्हणतात, त्याची कॉपी सीटखाली आहे ना बघितलं. पेट्रोलला गॅसोहोल 95 (इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) टाका म्हणाली, ई 85 चा, म्हणजे खूप जास्त इथेनॉलवाला नोझल चुकूनही नको. टुरिस्ट पोलीस 1155 आणि अॅम्ब्युलन्स 1669 हे नंबर मी टाकीवर टेपने चिकटवले.

पाईला जाणारा 1095 नंबरचा रस्ता, च्यांग माईपासून पाईपर्यंत त्यावर 762 वळणं आहेत म्हणतात आणि अंतर पुण्याला गेल्यासारखंच, पण मिनिव्हॅनवाले वळणावर आपल्या लेनमधे येतात त्यामुळे डावीकडे चिकटून चालवावी लागते. तो प्रवास लिहायचा तर वेगळं लिहावं लागेल. इथे एवढंच की च्यांग माई शहरातून बाहेर पडतानाच पोलिसांनी बाजूला घेतलं. पुढे एक परदेशी पोरगा आधीच पावती फाडून घेत होता. मी पुस्तिका आणि लायसन दिलं, त्यांनी आधी फोटो बघितला, मग पानं उलटत थेट ए च्या रकान्यावर बोट ठेवलं, आणि परत दिलं. नवऱ्याचंही तसंच. हेल्मेटकडे बघून एकाने ओके केलं आणि हात हलवला. "एवढंच?" नवरा इंटरकॉमवर म्हणाला. म्हटलं एवढंच, चल आता पुढे ट्रक आहे.

परत आल्यावर त्या बाईने पीसीएक्सच्या फुटबोर्डजवळ एक ओरखडा शोधला. मी व्हिडिओ काढून दाखवला, तो आधीचाच होता, तिने लगेच मान डोलावली आणि डिपॉझिटच्या नोटा मोजून दिल्या. रेबेलच्या ब्रेक लिव्हरचं टोक मात्र मे सारियांगला पार्किंगमधे गाडी कलंडून वाकलं होतं, त्याचे रेट कार्डवर लिहिलेले होते तेवढेच कापले, एक बाट जास्त नाही.