दुसऱ्या ट्रंपेटची खुर्ची

जर्मनीत काय करतोस, असं साताऱ्याला कुणी विचारलं की मी "ट्रंपेट वाजवतो" म्हणतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "ते झालं रे, पण नोकरी काय?" हीच नोकरी. महिन्याला पगार, कापून घेतलेला टॅक्स, पेन्शनचा हिस्सा, सगळं रीतसर. एका ऑपेरा थिएटरच्या ऑर्केस्ट्रात मी दुसरा ट्रंपेट आहे. अलीकडे दोन-चार पोरांनी निरोप पाठवून विचारलं की दादा, प्रोसेस काय असते. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहायचे, फौजेच्या बँडमधले. पचमढीला शिकलेले. सगळे त्यांना काकाच म्हणायचे. त्यांच्या घरात मेरठचा एक जुना ट्रंपेट होता, पितळ काळं पडलेलं, मधला पिस्टन दर पाच मिनिटांनी अडकणारा. त्यांनी मला पहिले दोन महिने नुसत्या माउथपीसवर फुंकायला लावलं. मग एकच सूर, लांब, घड्याळ समोर ठेवून. मग बिगुलचे कॉल. नोटेशन त्यांनीच शिकवलं आणि झोपताना ओठाला तूप लावायचं, हेही त्यांनीच.

कॉलेजात असताना लग्नसराईत मी एका बँड कंपनीत वाजवायला जायचो. एका सुपारीचे पाचशे-सातशे मिळायचे. वरात चार-चार तास चालायची, आणि ढोलाच्या वर आवाज काढायचा तर एकच युक्ती: डाव्या हाताने ट्रंपेट ओठावर दाबायचा. आवाज निघतो, पण ओठात रक्त उतरत नाही आणि हळूहळू तो मरतो. माझ्या वरच्या ओठावर माउथपीसचा गोल वण कायमचा उमटला होता आणि मला त्याचा अभिमान होता! पुढे जर्मनीत तो दाब सोडायला दीड वर्ष गेलं. बँडवाल्यांना मी नावं ठेवत नाही. दम तिथेच कमावला. पण बँडमधून येणाऱ्यांनी हे आधीच ओळखून असावं.

ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा समोर बसून ऐकला तो मुंबईला, एनसीपीए या कलाकेंद्रात. तिथला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून सुरू आहे. पितळी वाद्यांवर बरेचसे वादक बाहेरदेशचे. मी डोळे लावून बसलो होतो ट्रंपेटवाल्यांवर, आणि ते नुसते बसलेले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मांडीवर वाद्य उभं धरून. मग एकदम उचललं, तीन सूर वाजवले आणि परत खाली. आमच्या बँडच्या मुकादमाने असल्या वादकाला अर्धी सुपारी पण दिली नसती, असं मनात आलं. त्या तीन सुरांची भीती काय असते ते कळायला पुढची बरीच वर्षं लागली. ओठ थंड झालेला, पितळ थंड झालेलं, श्वास बसलेला, आणि त्या थंडपणातून पहिलाच सूर नेमका लागला पाहिजे. व्हायोलिनवाले चौदा-सोळा जण एकत्र असतात, एखाद्याचं चुकलं तर झाकून जातं. ट्रंपेटचं सगळ्या हॉलला कळतं.

मग जर्मनी का? एक तर तिथे सरकारी पैशावर चालणारे जवळपास १३० ऑर्केस्ट्रा आहेत. लहान लहान गावांना स्वतःचं थिएटर आणि त्याचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा. आणि दुसरं, बहुतेक राज्यांत सरकारी संगीत विद्यापीठाची फी नाममात्र. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र २०१७ पासून युरोपाबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात, ते तपासून घ्या. व्हिसासाठी वर्षाचा खर्च ब्लॉक खात्यात, म्हणजे एकदम काढता न येणाऱ्या खात्यात, दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा ११,९०४ युरो आहे. माझ्या वेळी कमी होता, तरी बाबांनी जमिनीचा तुकडा गहाण टाकला होता. भाषेचं म्हणाल तर जर्मन आधी शिकून जा. वाद्याला भाषा नसते वगैरे बोलायला ठीक.

प्रवेश परीक्षेत वाद्य वाजवणं हा एकच भाग झाला. थिअरी, कानाची परीक्षा आणि पियानो हेही असतं. पियानोचं मला टेन्शन नव्हतं, लहानपणापासून भजनात पेटी वाजवलेली. तिथे बसल्यावर लक्षात आलं की माझा डावा हात आयुष्यभर नुसता भाता मारत आलाय, त्याला सूर माहीतच नाहीत! पहिल्या ठिकाणी मी कानाच्या परीक्षेतही आपटलो. सुरांच्या अक्षरी नावांत जर्मन लोक बी म्हणतात ते आपल्या बी-फ्लॅटला. आपल्या बीला ते 'हा' म्हणतात. काकांकडे इंग्रजी पद्धतीने शिकलेलो, त्यामुळे सूर बरोबर ओळखून मी कागदावर चुकीचं अक्षर लिहीत बसलो. सुधारायला सांगणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या शहरात, तीन आठवड्यांनी, पास झालो.

तिथे गेल्यावर वाद्यच बदलावं लागलं. मी पिस्टनवाला, आणि जर्मन-ऑस्ट्रियन ऑर्केस्ट्रांत हेडन, बेथोवन, ब्राम्स वाजवायचे ते फिरत्या व्हॉल्व्हच्या ट्रंपेटवर. तो आडवा धरतात. आवाज जाड, गोल, बाकीच्यांत मिसळणारा. त्याची किंमत बाबांच्या बुलेटपेक्षा जास्त होती. दोन वर्षं एका हॉटेलात भांडी घासून घेतला.

रियाज किती करायचा, हे सगळेच विचारतात. पियानोवाली मुलं सात-आठ तास बसायची. ट्रंपेटवर ते चालत नाही, ओठ म्हणजे स्नायूच. जितका वेळ वाजवलं तितका वेळ थांबायचं, असं दिवसात तीन-साडेतीन तास, तुकड्या-तुकड्याने. घरी सायलेंट म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, लावून, कारण रात्री दहानंतर शेजारी थेट घरमालकाला फोन करतो. आर्बानचं १८६४ सालचं रियाजाचं जाडजूड पुस्तक अजूनही रोज उघडतो, कंटाळा येतो तरी.

पट्टी बदलून वाचणं हा वेगळाच छळ. जुन्या रचनांत ट्रंपेटचा कागद एफमध्ये, डीमध्ये, ईमध्ये, कशातही लिहिलेला असतो. समोर एक सूर लिहिलाय आणि बोटांनी दुसरा वाजवायचा, तोही लगेच. आपल्याकडे गायकाने ऐनवेळी काळी दोनची काळी चार केली की पेटीवाला बोटं सरकवतो, तेच हे, फक्त दर पानावर पट्टी वेगळी.

आता मुख्य गोष्ट, नोकरीची परीक्षा. तिला प्रोबेश्पील म्हणतात. जागा निघते, अर्ज ढिगाने येतात, आणि नुसता अर्ज करून भागत नाही, बोलावणं यावं लागतं. ते येतं कागदावरून: कुणाकडे शिकलात, कुठल्या अकॅडमीत होतात, कुठे बदली वादक म्हणून वाजवलंत. मी पहिल्या वर्षी एकवीस अर्ज केले, बोलावणी आली दोन. मग एका थिएटरात शिकाऊ म्हणून जागा मिळाली, तेव्हा कुठे पत्रं येऊ लागली. पत्राच्या तळाशी एक ओळ छापलेली असते की प्रवासखर्च मिळणार नाही.

पहिल्या फेरीत बहुतेक ठिकाणी मध्ये पडदा असतो. तो का असतो, याचं उदाहरण आमचे विद्यापीठातले मास्तर सांगायचे. १९८० साली म्युनिक फिलहार्मोनिकने ट्रॉम्बोनच्या जागेसाठी पडद्याआड परीक्षा घेतली. ॲबी कोनांट या बाईंना बोलावणं आलं होतं ते 'हेर कोनांट', म्हणजे श्रीयुत कोनांट म्हणून. त्या जिंकल्या, आणि पुढे त्या जागेसाठी वर्षानुवर्षं कोर्टात भांडल्या. माझ्यासारख्यालाही पडदा बरा वाटतो. पलीकडच्यांना माझं आडनाव माहीत नसतं.

वाजवायचं काय, तर हेडनचा ट्रंपेट कॉन्चेर्टो, म्हणजे एकल ट्रंपेट आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना. १७९६ सालचा, व्हिएन्नाचा ट्रंपेटवादक आंटोन वाइडिंगर याच्यासाठी लिहिलेला. तोवरच्या ट्रंपेटला खालच्या पट्टीत ओळीने सूर काढता यायचे नाहीत, मध्ये मध्ये भोकं असायची. वाइडिंगरने चाव्या लावलेलं वाद्य आणलं आणि हेडनने त्यासाठी लिहिलं. एकल ट्रंपेट सुरू होतो तो सरळ सा, रे, ग करत. ऐकायला शाळेतल्या पोराचं काम. पण त्या 'सा'लाच निम्मी मुलं बाद होतात. पियानोवाला थोडं वाजवतो, तुम्ही श्वास घेता, आणि पडद्यामागे पन्नास-साठ लोक तो पहिला सूर कसा फुटतो एवढंच ऐकत असतात. मिनिटभरात "धन्यवाद" ऐकू आलं की समजायचं. एका परीक्षेला मी आठ तासांचा रात्रीचा प्रवास करून गेलो होतो आणि आत मोजून चाळीस सेकंद होतो. आणखी एके ठिकाणी संध्याकाळी सातपर्यंत तीन फेऱ्या घेतल्या, आम्ही दोघं उरलो, आणि शेवटी कुणालाच घेतलं नाही. नियमात बसतं ते, होतंही बऱ्याचदा. त्या रात्री स्टेशनवर आम्ही दोघांनी एकमेकांना बिअर पाजली.

दुसऱ्या फेरीपासून ऑर्केस्ट्रातले उतारे. माहलरची पाचवी सिम्फनी तर एकट्या ट्रंपेटनेच सुरू होते: त-त-त-ताऽ, त-त-त-ताऽ. मी ते तीन छोटे सूर मेट्रोनोमच्या, म्हणजे लय देणाऱ्या यंत्राच्या, ठोक्याला धरून, अगदी समान वाजवायचो आणि दरवेळी पडायचो. मास्तरांनी मूळ कागदावरची टीप दाखवली. माहलरने स्वतः लिहून ठेवलंय की हे तीन सूर किंचित घाईत, फौजेच्या तुताऱ्यांसारखे वाजवावेत. मला हसूच फुटलं. काकांचा सकाळचा बिगुल नेमका तसाच होता, पहिले सूर निसटते आणि शेवटच्यावर पाय रोवलेला. मीच तो विद्यापीठात येऊन इस्त्री करून सपाट केला होता.

ज्या परीक्षेत जागा मिळाली ती माझी चौदावी. जागा दुसऱ्या ट्रंपेटची होती. दुसरा म्हणजे कमी दर्जाचा असं आपल्याकडे वाटतं, पण ते काम वेगळं आहे. खालचे सूर, आणि पहिला जे करेल त्याला आधार देणं. तो अर्ध्या केसाने चढला तर आपण चढायचं. शेवटच्या फेरीत पडदा नव्हता. त्यांचा पहिला ट्रंपेट माझ्या शेजारी येऊन बसला आणि बार्टोकच्या 'कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा'मधला उतारा काढला. त्यातल्या एका भागात वाद्यं जोडी-जोडीने येतात आणि ट्रंपेटची जोडी म्यूट लावून एकमेकांपासून एकाच सुराच्या अंतरावर चालते. म्हणजे सा आणि रे सतत एकत्र, शेवटपर्यंत. कानाला टोचतं. दोन तानपुरे एकमेकांना लागलेले नसले की हवेत जी थरथर होते, ती इथे मुद्दाम हवी असते, आणि ती अंगावर येताना जवळ सरकायचा मोह टाळायचा असतो. त्याच्या बुटाकडे बघत वाजवलं मी. त्याचा अंगठा बुटात हलत होता, ताल तिथून घेतला. संपल्यावर तो म्हणाला, परत, आता मी वर जाणार. आणि मुद्दाम चढला. मी गेलो मागोमाग.

मतदान अर्धा तास चाललं. मग माझं नाव पुकारलं, चुकीच्या उच्चाराने.

पण इथे संपत नाही. त्यानंतर परीक्षेचं एक वर्ष असतं, आणि वर्षअखेर सगळा ऑर्केस्ट्रा पुन्हा मत देतो. वाजवणं कसं आहे हे तर बघतातच, पण पेन्सिल विसरतो का, दुसऱ्याचा सोलो चालू असताना वळून बघतो का, वाद्यात साचलेलं पाणी काढताना आवाज करतो का, हेही बघतात. त्या वर्षात मला सगळ्यात जड गेलं ते मोजणं. चौसष्ट बार (म्हणजे तालाचे तुकडे) गप्प, मग दोन सूर, मग पुन्हा एकेचाळीस बार. बोटांच्या पेरांवर मोजतो मी, आजी जप करायची तसं. डिसेंबरात एकदा एक बार आधी घुसलो. कुणी काही बोललं नाही. मध्यंतरात पहिल्या ट्रंपेटने माझ्या कागदावर पेन्सिलने एक चष्मा काढला. इथे त्याचा अर्थ 'लक्ष दे'.

मत झालं त्या दिवशी मी कँटीनमध्ये बटाट्याचं सूप ढवळत बसलो होतो. पक्कं झालं हे कळल्यावर पहिला फोन घरी केला, दुसरा काकांना. त्यांना आता ऐकू कमी येतं, दोनदा ओरडून सांगावं लागलं की दुसरा ट्रंपेट, कायमचा.

"दुसरा?" काका म्हणाले. "बरं. ओठाला तूप लावतोस ना रात्री?"

लावतो म्हणालो. इथे ट्यूबमधलं मलम वापरतो, पण ते फोनवर ओरडून कुठे सांगणार.