व्हॅलिडिटीसाठी पणजोबाचा कागद शोधला, तो माझा अनुभव

बीएस्सी नर्सिंगची सीईटी, कॅप राउंड (प्रवेशाच्या फेऱ्या), नंबर लागणं, यात सांगण्यासारखं काही नाही, सगळं मोबाईलवरच झालं. अडकलं ते आरक्षणाच्या सीटसाठी लागणारं जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी. अजूनही त्या रेकॉर्ड रूमचं नाव निघालं की माझं डोकं तापते, म्हणून सगळं लिहून राहिली, कोणाच्या पोराबाळांच्या कामी येईल.

आम्ही बुरड, म्हणजे एससी (अनुसूचित जाती). वैनगंगेच्या पट्ट्यात गाव, घरी पिढ्यान्‌पिढ्या बांबूचंच काम, सुपं, टोपल्या, परडे, धान ठेवायच्या ढोल्या. बाबा कत्तीनं बांबू फोडतात, आई आणि मी विणायचो. आईच्या डाव्या अंगठ्याजवळ बांबूची कूस रुतून रुतून कातडी अशी टणक झाली आहे की तिथं सुई टोचली तरी तिला कळत नाही. बाबाचं म्हणणं होतं, "आपल्या घरी बसून करतो, कोणाची चाकरी नाही, यात वाईट काय आहे?" वाईट काहीच नाही, मी कधी म्हटलंही नाही. पण डेपोत हिरवा बांबू वेळेवर मिळत नाही, बाजारात प्लास्टिकच्या टोपल्या आल्या, आणि मुख्य म्हणजे मला दवाखान्याच्या वॉर्डातच काम करायचं होतं. काका म्हणे, चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं जा, हातात कला आहेच तुझ्या. चांगलीच जागा आहे ती, ज्याला बांबूतच पुढं जायचं त्यानं जरूर जावं. मला नव्हतं जायचं.

तर व्हॅलिडिटी. एससीसाठी तारीख आहे 10 ऑगस्ट 1950 (व्हीजेएनटी म्हणजे भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967). त्याच्या आधीचा, वडिलांकडच्या रक्तनात्यातला, जात लिहिलेला कागद पाहिजे. ज्यांच्या घरी शेती त्यांचं बरं असते, जुन्या महसुली कागदात काहीतरी सापडते. आमच्याकडं शेती कधी नव्हतीच, आबा (माझे आजोबा) शाळेत गेले नाहीत, पणजोबा तर जिकडं बांबू तिकडं बिऱ्हाड घेऊन फिरायचे. घरात चार पिढ्या सुपं विणली पण त्याचा एक कागद नाही, आणि जात प्रमाणपत्राच्या कायद्याच्या कलम 8 प्रमाणं सिद्ध करायची जबाबदारी अर्ज करणाऱ्यावरच.

मग उरलं कोतवाल बुक. आपल्या विदर्भात गावचे जुने जन्म-मृत्यू त्यात लिहिलेले असतात आणि ते तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये राहते. नकलेसाठी अर्ज दिला. खिडकीतले बाबू म्हणे उद्या या. उद्या गेली तर म्हणे रजिस्टर वरच्या रॅकवर आहे, शिपाई नाही. नंतर म्हणे आधी साल सांगा. आता ज्याची जन्मतारीख कोणालाच माहीत नाही त्याचं साल मी कुठून आणू? ॲडमिशन व्हॅलिडिटीच्या अर्जाच्या पावतीवर झालं होतं पण मुदतीत व्हॅलिडिटी नाही दिली तर आरक्षणाची सीट जाते, कॉलेजवाले रोज विचारून राहिले होते, आणि हे साहेब चहाला गेलेले. शेवटी तोंडानंच सांगितलं, "रजिस्टर जीर्ण आहे बाई, उपलब्ध नाही." मी म्हटलं, हेच कागदावर लिहून द्या. ते काही देईनात. त्या दिवशी बसस्टँडवर मी रडली, रागानंच.

इथं एक सांगते, तोंडी 'नाही' कधीच घेऊ नका. मी माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयाचं कोर्ट फी तिकीट लावून (बीपीएल असाल तर तेही नाही लागत), आणि त्यात नक्कल नाही मागितली, 'अभिलेखाचे अवलोकन' मागितलं. कायद्यात 30 दिवसांची मुदत आहे. तेच उपलब्ध नसलेलं रजिस्टर मग टेबलावर आलं.

पण आमच्या गावच्या बुकात आमचं कोणीच नव्हतं. तेव्हा कामी आली आबाची बहीण, आमची म्हातारी आत्या. ती म्हणे, "आपण तवा या गावात होतो कुठं? माझा जनम पलीकडच्या गावचा, बापानं तिथं जंगलाजवळ झोपडी टाकली होती." त्या गावचं बुक काढायला लावलं. कोतवाल बुकात बाळाचं नाव बहुतेक नसतेच, तारीख, बापाचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी, एवढंच. 1946 सालच्या पानावर फिकट शाईत पणजोबाचं नाव, पुढं बुरड, पुढं मुलगी. ती मुलगी म्हणजे आत्या! मी तिथंच बाबाला फोन लावला.

म्हणून म्हणते, आधी घरातल्या म्हाताऱ्यांजवळ बसा, कोण कोणत्या गावात जन्मलं, कोण कुठं वारलं, सगळ्या भावंडांचं लिहून घ्या, मुलींचंही, कारण पणजोबाच्या कोणत्याही लेकराची नोंद चालते. व्हॅलिडिटीच्या अर्जासोबतच्या नमुना 3 च्या वंशावळीत तेच नातं जसंच्या तसं दाखवावं लागते, नमुना 17 चं प्रतिज्ञापत्र वेगळं. चुलतभाऊ, काका, वडिलांची बहीण, कोणाची व्हॅलिडिटी आधीच झाली असेल तर ती जोडा, सगळ्यात भारी पुरावा तोच.

आमच्याकडं व्हॅलिडिटी समितीचं दक्षता पथकही आलं चौकशीला. बाबा अंगणात बांबूच फोडत होते, साहेबांनी काय काम करता विचारलं तर बाबानं हातातली कत्तीच दाखवली.

आणि हो, बारावी सायन्सला असाल तर कॉलेजातून 15-अ नमुन्याचं पत्र घेऊन तेव्हाच बार्टी या सरकारी संस्थेच्या साईटवर व्हॅलिडिटीचा अर्ज भरा, नंबर लागायची वाट पाहू नका. माझी व्हॅलिडिटी आली, सीट वाचली, आता पहिल्या वर्षाची वॉर्ड ड्युटी सुरू आहे. धाकटा भाऊ अकरावीत आहे, त्याच्या अर्जाला माझी व्हॅलिडिटी जोडून ठेवली, कोतवाल नकलेच्या दोन जास्तीच्या सत्यप्रतीही काढून आणल्या, तो नर्सिंग करो की चिचपल्लीला जावो.