व्हिसा त्याच्या नावावर असला तरी

घरगुती हिंसाचारातून बाहेर पडू बघणाऱ्या मराठी मुलींच्या कागदपत्रांची इंग्रजी भाषांतरं मी इथे न्यू जर्सीत करून देते. नवऱ्याचे मेसेज, सासूचे मेसेज, सांगली-साताऱ्याहून आईने लिहून पाठवलेली हकिगत. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, असं खाली सहीनिशी लिहून द्यावं लागतं, त्यामुळे एकही शिवी गाळता येत नाही. आणि एक धमकी पुन्हा पुन्हा येते: "पोलिसांना फोन केलास तर परवाच्या विमानाने माहेरी. व्हिसा माझा आहे."

नवरा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर ही धमकी पोकळ आहे. 1994 च्या 'वावा' (व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन ॲक्ट) या अमेरिकन कायद्याखाली बायको त्याच्या सहीशिवाय, त्याला न कळवता ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा स्वतःचा आय-360 अर्ज भरू शकते. त्याला फी नाही. पोलीस रिपोर्ट असलाच पाहिजे असं नाही, हातच उगारला पाहिजे असंही नाही. कोंडून ठेवणं, पैसे काढून घेणं, सततच्या धमक्या याही धरल्या जातात. लग्न खरं होतं हे मात्र दाखवावं लागतं. तेव्हा लग्नाचे फोटो, जॉइंट खात्याचे कागद, भाडेकरार यांच्या प्रती मैत्रिणीकडे ठेव. घटस्फोट झाला असेल तर दोन वर्षांच्या आत अर्ज जायला हवा.

आपल्या कितीतरी मुली मात्र एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर येतात. नवरा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे 'वावा'चा हा अर्ज नाही. याचा मला मनापासून राग येतो. मार तोच, पण नवऱ्याच्या कार्डावरून बायकोचा हक्क ठरतो. तिला आय-765व्ही हा फॉर्म भरून कामाचं परमिट मागता येतं, पण त्याने व्हिसा टिकत नाही. घटस्फोटाचा हुकूम निघाला की एच-4 संपतो. म्हणून ताई, त्याने पुढे केलेल्या घटस्फोटाच्या कागदांवर इमिग्रेशन वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस. एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) सारखा स्वतःचा व्हिसा आधी घेता येईल का, हेही त्यांनाच विचार.

तिसरी वाट यू व्हिसाची, म्हणजे गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीच्या व्हिसाची. तिथे नवऱ्याचं स्टेटस बघत नाहीत. पण गुन्ह्याच्या तपासात मदत केल्याचं पोलीस किंवा सरकारी वकिलांचं प्रमाणपत्र लागतं, आणि वर्षाला 10,000 च व्हिसे असल्याने रांग कित्येक वर्षांची आहे.

या तिन्ही अर्जांची माहिती इमिग्रेशन खातं नवऱ्याला देऊ शकत नाही, आणि निव्वळ त्याच्या सांगण्यावरून अर्ज नाकारूही शकत नाही. पत्रव्यवहारासाठी दुसरा, सुरक्षित पत्ता देता येतो.

न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था 1985 पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते. देशभरातली हेल्पलाइन 1-800-799-7233, दुभाषा मागता येतो. मोबाईल त्याच्या फॅमिली प्लॅनवर असेल, तर हा फोन दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवरून कर.