कबड्डीतून अ‍ॅक्टिंगमध्ये आलो, पेमेंटसाठी किती घासावं लागलं त्याचा अनुभव

पैसे आले शेवटी, पण डोकं अजून तापलेलंच आहे म्हणून लिहितोय.

मी प्रभादेवीचा, कबड्डीत उजवा कोपरा खेळायचो. गुडघा गेल्यावर आरामनगरला (अंधेरीत वर्सोव्याला, जिथे ऑडिशन चालतात) ऑडिशन द्यायला लागलो, नाव, वय, उंची सांगा, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू दाखवा, हात उलटसुलट दाखवा, झालं. हवालदार, बाउन्सर, वस्ताद असे रोल मिळत गेले. या लाइनीत खेळाडू काही नवीन नाहीत, प्रवीणकुमार यांनी 1966 आणि 1970 च्या एशियाडमध्ये थाळीफेकीचं गोल्ड घेतलं आणि नंतर 1988 पासून सगळ्या देशाने त्यांना दूरदर्शनवर भीम म्हणून बघितलं.

तर एका सिरियलमध्ये पैलवान केला. फिल्मसिटीत भर उन्हात पाठीवर आपटायचे शॉट, डुप्लिकेट न घेता सगळे स्वतः दिले, फाइट मास्टरने सगळ्यांसमोर पाठ थोपटली, त्याचा अभिमान आहेच. पेमेंट 90 दिवसांनी ठरलेलं. 90 दिवस उलटले आणि सुरू झालं. कोऑर्डिनेटर (रोल मिळवून देणारा मधला माणूस) म्हणतो प्रॉडक्शनने पैसे सोडले नाहीत, प्रॉडक्शन म्हणतं अकाउंट्सला विचारा, अकाउंट्सवाला म्हणतो तुमचं बिलच आलेलं नाही. अरे, बिल मी हातात दिलंय, त्यांच्या शिक्क्याची कॉपी आहे माझ्याकडे! तरी परत मेल करा. मेल केला की सर बाहेर आहेत, सोमवारी बघतो. अख्खी दुपार रिसेप्शनवर बसवून ठेवायचे, पाणी विचारायचे, पैशाचं नाव नाही.

मग टॅक्सचं काम करणारा मावसभाऊ म्हणाला, फॉर्म 26एएस काढ, आपल्या नावावर कोणी किती टॅक्स कापून भरला ते त्यात दिसतं. इन्कम टॅक्सच्या साइटवर बघतो तर माझ्या पॅनवर त्यांनी 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापायचा टॅक्स, कापून भरलेला! म्हणजे बिल आलं नाही म्हणायचं आणि टॅक्स मात्र त्याच बिलावर कापायचा? प्रिंट नेऊन अकाउंट्सवाल्याच्या टेबलावर ठेवली. तो काही न बोलता कागद घेऊन आत गेला आणि त्याच आठवड्यात बँकेचा मेसेज आला. काय हायसं वाटलं सांगू!

रेट, शिफ्ट किती तासांची, पेमेंट कधी, हे शूटच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्याच. रोल देतो म्हणून आधी रजिस्ट्रेशन फी मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार. हां, आणि ऑडिशनला सर्टिफिकेटांची फाइल कोणी उघडत नाही, खेळतानाचा व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेवा, मला पैलवानाचा रोल माझी पकड बघूनच मिळाला. टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरा, उत्पन्न कमी असेल तर तो परत मिळतो, माझा आला.