अण्णांची पेन्शन १,८१२ रुपये, आणि माझ्या वहीतलं गणित

मागच्या महिन्यात नाशिकला गेले होते तेव्हा आईने माझ्या हातात पासबुक दिलं आणि म्हणाली बँकेत चाललीच आहेस तर एंट्री मारून आण. मशीनमधून पासबुक बाहेर आलं, सवयीने पानं चाळत होते, आणि दर महिन्याला तोच एक आकडा दिसत गेला, १,८१२. वरच्या पानावर १,८१२, मागच्या पानावर १,८१२. घरी येऊन कपाटातली जुनी पासबुकं काढली, रबर लावून ठेवलेली, त्यातलं सगळ्यात जुनं २०११ चं. त्यातही १,८१२.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सातपूरला एका कारखान्यात लेथवर होते. १९८४ ला लागले, २०११ ला अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर रिटायर झाले. त्यांची पेन्शन म्हणजे पीएफवाली, ईपीएस-९५, म्हणजे १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना. पहिली पेन्शन आली तेव्हा आई त्यात महिन्याचा बराचसा किराणा भरायची, मला आठवतंय, कारण तेव्हा मी पुण्यात तेवढ्याच रकमेत किराणा बसवायला धडपडत होते. आता त्याच पैशात गॅस आणि लाईटबिल होतं. आमच्या घरात पेन्शनला आता तेच नाव पडलंय, अण्णा फोनवर सांगतात "गॅस-लाईटचे आले गं".

मी हे लिहायला बसले कारण ऑफिसमध्ये डब्याच्या वेळेला हा विषय निघाला की दोन टोकाचे लोक भेटतात. एक म्हणतात पीएफ कापला जातोय ना, पेन्शन मिळेलच की, म्हातारपणाची काळजी नाही. दुसरे म्हणतात सरकारचा काय भरवसा, आपण साठ होईपर्यंत पेन्शन शिल्लक राहते की नाही बघा. मला दोघांचंही पटत नाही. अण्णांची पेन्शन या इतक्या वर्षांत बुडाली नाही, हयातीचा दाखला दिला की येतेच. ती बंद पडेल याची मला भीती नाही, ती आहे तिथेच उभी राहते आणि बाकी सगळं पुढे निघून जातं याची आहे.

आकडा एवढा कमी का, हे आधी समजून घेऊ, कारण मलाही चाळिशी येईपर्यंत माहीत नव्हतं. आपल्या पगारातून जे १२ टक्के कापतात ते सगळे पीएफमध्ये जातात. कंपनी जे १२ टक्के भरते त्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात आणि उरलेले पीएफमध्ये. पण हे ८.३३ टक्के तुमच्या पूर्ण पगारावर नाहीत, १५,००० रुपयांच्या मर्यादेवर आहेत, म्हणजे पगार साठ हजार असला तरी पेन्शनमध्ये महिन्याला जातात १,२५० रुपये. ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पासूनची, त्याच्या आधी ६,५०० होती. आणि पेन्शन काढायची रीत म्हणजे पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. अण्णांचा पगार हातात कितीही येत असो, हिशोबाला धरला ६,५००, योजना सुरू झाली १६ नोव्हेंबर १९९५ ला म्हणून तिथपासूनची १६ वर्षं, ६,५०० गुणिले १६ भागिले ७० म्हणजे १,४८६, आणि १९९५ च्या आधीच्या नोकरीचे वेगळ्या तक्त्याने मिळतात ते तीनशेच्या आसपास. झाले १,८१२. कोणी चूक केलेली नाही, कोणी पैसे खाल्लेले नाहीत, हिशोबच तसा आहे. आणि या हिशोबात महागाई भत्ता नावाची गोष्टच नाही.

माझा मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता, २०१० ला रिटायर झाला. त्याची सुरुवातीची पेन्शन दहा-अकरा हजार होती, आज चाळीस हजारांच्या घरात आहे. सातवा वेतन आयोग आला तेव्हा वाढली, दर वेळी डीए म्हणजे महागाई भत्ता वाढला की वाढते. मामाची पेन्शन कमी व्हावी असं माझ्या मनात कधीही येत नाही, त्याने तीस वर्षं आदिवासी पाड्यांवर पायपीट करून शिकवलंय. पण "सरकारी पेन्शन" हा एकच शब्द आपण दोघांसाठी वापरतो आणि तिथेच घोळ होतो. लोकांच्या डोळ्यापुढे मामाची पेन्शन असते आणि नशिबात अण्णांची असते.

आणि मामाच्या मुलाला मामासारखी मिळणार नाहीये. तोही शिक्षक, पण २०१२ ला लागला. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, आधी डीसीपीएस आणि मग एनपीएस, म्हणजे वर्गणीतून जेवढे साठतील त्यावर पेन्शन ठरणाऱ्या योजना. मार्च २०२३ च्या संपात तो होता, "एकच मिशन, जुनी पेन्शन" ची टोपी घालून. त्याच्यानंतर राज्याने सुधारित योजना आणली, केंद्राची यूपीएस ही नवी पेन्शन योजना आली. त्याचं काय ते होवो आणि चांगलंच होवो. मला यातून एवढंच दिसतं की एका घरात, एकाच खात्यात, बापाला एक नियम आणि मुलाला दुसरा, मधे फक्त एक तारीख. आमच्या ईपीएसमध्ये पण तेच झालं, २०१४ च्या आधी शेवटच्या १२ महिन्यांच्या पगाराची सरासरी धरायचे, नंतर ६० महिन्यांची केली. ज्या गोष्टीचे नियम आपण नोकरीत असतानाच बदलू शकतात तिच्या आजच्या आकड्यावर पंचवीस वर्षांपुढचं घर कसं चालवणार?

आता माझं. मी १९८१ ची. २०३९ मध्ये ५८ होईन. सध्याच्या नोकरीत २०१० पासून आहे. त्याच्या आधी दुसरीकडे पाच वर्षं केली होती आणि ती सोडताना मी पीएफबरोबर पेन्शनचे पैसेपण काढले, फॉर्म १०सी भरला आणि तीसेक हजार मिळाले, मुलगी लहान होती, गरज होती. तेव्हा मला कोणी सांगितलं नाही की पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट घेता येतं आणि ती वर्षं पुढच्या नोकरीला जोडली जातात. त्या पाच वर्षांची किंमत काढली तर महिन्याला ४६४ रुपये. रक्कम छोटी वाटते, पण ती मरेपर्यंत मिळाली असती, तीस हजार सहा वर्षांच्या आत वसूल झाले असते. नोकरी बदलणाऱ्या मुलामुलींनो, प्लीज पेन्शनचे पैसे काढू नका, दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क लागतो आणि वीस भरली की दोन वर्षं बोनस मिळतात.

तर माझी पेन्शन. २०१४ च्या आधीची चार वर्षं ६,५०० वर, पुढची पंचवीस १५,००० वर, वर बोनसची दोन. सगळं मिळून ६,१५० च्या आसपास. वाचून बरं वाटलं होतं. मग महागाई ६ टक्के धरून बघितलं. ६ टक्क्यांनी साधारण १२ वर्षांत सगळं दुप्पट महाग होतं. २०३९ मध्ये त्या ६,१५० ची किंमत आजच्या पावणेतीन हजारांपेक्षा थोडी कमीच. मी सत्तरीची होईन तेव्हा आजचे साडेतेराशे. आणि आजीसारखी ऐंशी पार केली तर आजचे जेमतेम साडेसातशे. मी हे वहीत लिहिलं आणि बराच वेळ तशीच बसून होते, कारण अण्णांच्या पासबुकात जे झालं ते मला माझ्याच अक्षरात पुढे होताना दिसत होतं.

मग मी काय ठरवलं. पेन्शन वहीत लिहिली, वगळली नाही. पण ती ६,१५० म्हणूनच लिहिली आणि कधीच वाढणार नाही असं धरून लिहिली. किमान पेन्शन १,००० ची ७,५०० व्हावी आणि वर महागाई भत्ता मिळावा म्हणून पेन्शनर लोक कित्येक वर्षं भांडतायत, आपल्या बुलढाण्यात तर हे आंदोलन फार नेटाने चाललंय, म्हातारी माणसं उन्हातान्हात बसतात. ती मागणी मला शंभर टक्के न्याय्य वाटते, १,००० हा आकडा २०१४ चा आहे. मिळालं तर मी पेढे वाटीन. पण मिळेल म्हणून आजच खर्चाला धरणार नाही. वाढीव पेन्शनचं, म्हणजे मर्यादेऐवजी पूर्ण पगारावर पेन्शन धरण्याचं, पण तसंच, नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा अण्णांच्या ग्रुपवर किती आनंद झाला होता, आणि मग कळलं की २०१४ च्या आधी पर्याय न देता रिटायर झालेल्यांना त्याचा काही उपयोग नाही. त्या दिवशी अण्णा जेवताना काही बोलले नाहीत.

आणि खरं सांगायचं तर अण्णा-आई जगतात ते पेन्शनवर नाहीतच. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे जे आले त्यातून बहिणीचं लग्न झालं, उरलेले अण्णांनी पोस्टात सीनियर सिटिझन योजनेत टाकले, त्याचं तिमाही व्याज येतं. मागची खोली भाड्याने दिलीय. आणि मी आणि बहीण थोडं पाठवतो. पेन्शन ही त्यातली सगळ्यात बारकी बाजू, पण सगळ्यात वेळेवर येणारी, हे पण खरं, आणि आईच्या दृष्टीने त्याला फार किंमत आहे. सत्तरीच्या पुढच्यांना पाच लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतं ते पण दोघांचं काढून ठेवलंय.

मी स्वतः पीएफ मोडायचा नाही असं ठरवलंय, व्हीपीएफ (पीएफमध्ये स्वतःहून जास्तीचे भरायचे ते) थोडा वाढवला, आणि शेअर बाजाराच्या निर्देशांकावर चालणाऱ्या इंडेक्स फंडात एसआयपी, म्हणजे दर महिन्याची गुंतवणूक, चालू केली, पगार वाढला की तीही वाढवायची, कारण महागाईबरोबर धावणारं काहीतरी पाहिजे आणि ते काम पेन्शन करणार नाही.

ऑफिसमधल्या एका ज्युनियर मुलाला मी म्हटलं तुझं पीएफचं पासबुक उघड बरं. तो २०१९ ला पहिल्याच नोकरीला चाळीस हजारांवर लागलेला. पेन्शनच्या रकान्यात शून्य. सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० च्या वरच्या पगारावर पहिल्यांदा लागलेल्यांना ईपीएस लागूच नाही, कंपनीचे पूर्ण १२ टक्के पीएफमध्येच जातात. त्याचं नुकसान नाही झालेलं, पैसे त्याच्याच खात्यात आहेत, पण तो सहा वर्षं समजत होता की आपल्याला पेन्शन आहे.

आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या ताई तीस वर्षांच्या, त्यांना मी अटल पेन्शन योजना घ्यायला लावली. तिसाव्या वर्षी लागलं तर महिना ५७७ रुपये भरून साठीनंतर ५,००० मिळतात, त्यांच्या मागे नवऱ्यालाही तेवढेच. ज्यांच्याकडे पीएफ वगैरे काहीच नाही त्यांना मी हेच सांगेन, जरूर घ्या. पण तीस वर्षांनंतरचे ५,००० म्हणजे आजचे नऊशेसुद्धा नाहीत, हे पण मी त्यांना सांगितलं, आणि त्या म्हणाल्या "ताई, नऊशे तर नऊशे, कोणाकडं मागायला नको". भिशीचे पैसे आले की त्यातले थोडे पोस्टात टाकायचं पण त्यांनी कबूल केलंय.

एक गोष्ट अजून लिहायची आहे. चार वर्षांपूर्वी अण्णांचा हयातीचा दाखला होईना. आयुष्यभर लोखंड हाताळून बोटांच्या रेषा झिजल्यात, मशीन ठसा घेत नव्हतं. दोन चकरा झाल्या, तिसऱ्या वेळी माणसाने सांगितलं पुढच्या आठवड्यात या, आणि पेन्शन चार महिने थांबली. नंतर मिळाली सगळी. पण त्या चार महिन्यांत अण्णा दोन्ही हात पुढे धरून अंगठे बघत बसायचे ते मी विसरू शकत नाही. आता चेहऱ्याने दाखला होतो, मी माझ्या मोबाईलवर करते, खिडकीपाशी उजेडात बसवते आणि सांगते अण्णा डोळ्यांची उघडझाप करा. ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरची वाट बघायची गरज नाही, वर्षात कधीही दिला की पुढे बारा महिने चालतो.

पासबुक घेऊन बसले होते त्याच दिवशी मी अजून एक हिशोब केला जो आजवर कोणी केला नव्हता. अण्णांच्या मागे आईला किती. नियमाने निम्मी, म्हणजे ९०६, पण किमान १,००० आहे म्हणून १,०००. मी आईला सांगितलं नाही. वहीत तिच्या नावाचं वेगळं पान केलं, वर १,००० लिहिलं, खाली पोस्टातल्या पैशाचं व्याज, खोलीचं भाडं, आणि जी जागा रिकामी राहिली ती आम्ही दोघी बहिणींनी मिळून भरायची असं बहिणीशी फोनवर बोलून ठेवलंय. आईच्या आधारवर तिचं नाव एक आहे आणि अण्णांच्या पेन्शनच्या कागदावर माहेरच्या नावासारखं काहीतरी वेगळंच लिहिलंय, ते दुरुस्त करायला येत्या आठवड्यात सुट्टी टाकून जातेय, अण्णा आहेत, सही करू शकतात, तोवरच ते करून घ्यायचं.