मे महिना, खळं आणि माईक

साहित्य संमेलन म्हटलं की लोकांना थंडी आठवते. भला मोठा मंडप, ग्रंथदिंडी, स्वेटर घालून बसलेले पाहुणे. आमच्या चिपळूणला २०१३ साली अखिल भारतीय संमेलन झालं तेही जानेवारीतच. पण कोकणात कथा-कविता ऐकायच्या तर मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, उघड्यावर, असं माझं ठाम मत आहे आणि त्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

तसं उन्हाळ्याच्या संध्याकाळी जमून ऐकणं आपल्याकडे नवं नाहीच, पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली ती १८७५ साली. आमच्याकडे त्याला कारणं जरा वेगळी आहेत एवढंच. मे मध्ये गाव भरलेलं असतं. शाळांना सुट्टी, शेतं रिकामी, मिरग म्हणजे मृग नक्षत्र लागायला अजून अवकाश, आणि मुंबईहून चाकरमानी आलेले. त्यातले बरेच तुतारी एक्सप्रेसने येतात. आधी ती राज्यराणी होती, २०१७ मध्ये केशवसुतांच्या कवितेवरून तिला तुतारी नाव दिलं. म्हणजे बघा, माणूस दादरहून मध्यरात्री एका कवितेत चढतो आणि रात्रभर खिडकीच्या सीटवरून भांडत सावंतवाडीपर्यंत येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरापुढच्या खळ्यातला, म्हणजे अंगणातला, मांडव अजून उभा असतो. पावसाळा संपला की घातलेला, आता पावसाच्या आधी उतरवायचा. दिवसा त्याच खळ्याच्या उन्हाच्या बाजूला ताटांत आंब्याची साठं आणि सुपांत कोकमाची सोलं वाळत असतात. सोलं म्हणजे नुसती वाळवून होत नाहीत, मिठाच्या रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची, आठवडाभर तेच. पाच-साडेपाचला घरातल्या बायका ती ताटं-सुपं उचलून पडवीत नेतात, पाण्याचा सडा मारतात, चटया पडतात, की झालं साहित्याचं व्यासपीठ तयार. खुर्च्या मिळत नाहीत कारण त्या सगळ्या लग्नांना गेलेल्या असतात. माईकसुद्धा कुठल्यातरी हळदीतून मध्येच उसना आणलेला असतो आणि आठच्या आत परत द्यायचा असतो, जे कार्यक्रमाच्या दृष्टीने फार बरं असतं.

सूर्य बुडतो सातच्या सुमारास. त्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा एक तास, एवढीच खरी वेळ. कुणाकुणाला वाटतं की किनाऱ्यावर ठेवू, समुद्र, सूर्यास्त, फोटो मस्त येतील. फोटो येतात हो, ऐकू काही येत नाही. खारा वारा माईकमध्ये फर्रर्र करत शिरतो, कवितेची अर्धी ओळ लाट खाते, आणि शेजारी उंटावर बसलेली पोरं किंचाळत असतात. कवितेला गडगा लागतो, म्हणजे आवाराची बुटकी भिंत. तीन बाजूंनी चिऱ्याचा किंवा दगडाचा, त्यावर पाय सोडून बसलेली कॉलेजची पोरं, जी आपण ऐकतच नाही असं दाखवत सगळं ऐकत असतात.

उघड्यावर वाचायचं म्हणजे वाचणाऱ्याची परीक्षाच. दमट हवेने कागद बोटांना चिकटतात. हल्ली बरेचजण मोबाईलवरून वाचतात, तर अंधार पडला की स्क्रीनच्या उजेडाला किडे येतात. एका कवीच्या स्क्रीनवर असाच एक हिरवा किडा बसला, त्याने तो बोटाने झटकला तर कविताच सरकली आणि हा बिचारा थेट शेवटच्या कडव्यात पोचला. आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. उलट नंतर दोघातिघांनी सांगितलं की आटोपशीर होती, आवडली.

पण इथले श्रोते असे नेहमी गप्प बसणारे नाहीत. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की रात्र रात्र उघड्यावर दशावतार बघून यांचे कान तयार झालेत. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, कलाकार उभ्या उभ्या रचतो, समोरचा त्याला अडवतो, हा परत उत्तर देतो. त्यामुळे पुढे कुणीतरी बोलतोय म्हणजे आपणही बोलायला हरकत नाही असा इथे सर्वसाधारण समज आहे.

आमच्या वाडीजवळचे एक मास्तर कथा लिहितात. त्यांच्या कथेत जुलै महिन्यातली रात्र होती, धो धो पाऊस, नायक ट्रॉलर घेऊन समुद्रात निघालाय आणि नायिका जेटीवर भिजत उभी आहे. मास्तर वाचायला लागले की डोळे मिटून वाचतात, पाठच असतं त्यांना. तेवढ्यात गडग्याजवळून एका होडीवाल्या आबांचा आवाज आला, "मास्तरांनू, जुलयात टॉलर भायर खंय काडल्यात? बंदी आसता तेवा."

आता हे खरंच आहे, १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद असते, पोराबाळांनाही माहितीये. मास्तरांनी डोळे उघडले, खिशातून पेन काढलं, शांतपणे म्हणाले, "बरां, मगे जानेवारी करतंय." तर मागून बायकांमधून लगेच, "मगे तां चेडू भिजतला कसां?" जानेवारीत पाऊस कुठला! दोन मिनिटं सगळं खळं विचारात पडलं. शेवटी एक वैनी म्हणाल्या, "लाटेन भिजवा तिका." टाळ्या पडल्या. मास्तरांनी तसं लिहून घेतलं आणि कथा पुढे सुरू. मोठमोठ्या शहरांत यासाठी वर्कशॉप घेतात म्हणे, फी वगैरे लावून.

तर मुद्दा असा की इथे ऐकणाऱ्याला विषय माहिती असतो, कधी कधी लिहिणाऱ्यापेक्षा जास्त. आणि मे मध्ये तर दोन वेगवेगळी कोकणं एकाच चटईवर बसलेली असतात. वेंगुर्ला तालुक्याचंच बघा, कवी मंगेश पाडगांवकर तिथले, खानोलकर म्हणजे आरती प्रभू तिथले, आरवलीचे कादंबरीकार जयवंत दळवी तिथले. बाहेरची माणसं म्हणतात की तुमच्या हवेतच काहीतरी आहे. हवेत खारटपणा आहे, दुसरं काही नाही. या मोठ्या माणसांतल्या बहुतेकांनी मुंबई गाठली आणि तिथून लिहिलं, आणि उत्तम लिहिलं, पण त्यामुळे झालं काय की कोकणाबद्दल लिहायचं म्हणजे लांबून, आठवून लिहायचं अशी एक सवयच पडून गेली. चाकरमानी कवी उठला की कविता कौलारू घराची, आजीची, फणसाची. इथेच राहिलेला माणूस उठला, म्हणजे एसटीतला कंडक्टर किंवा झेडपीच्या शाळेतली बाई किंवा काजूची बाग करणारा, की कविता वानरांची, हायवेत गेलेल्या आंब्याच्या कलमांची, काजूबीच्या पडलेल्या भावाची. दोन्ही खरी आहेत. पण मला विचाराल तर दुसरी ऐकायला जास्त मजा येते, कारण तिचा शेवट आधी कळत नाही.

मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, गणपतीपुळ्याहून अगदी जवळ. कोकण मराठी साहित्य परिषदेने ते उभं केलं आणि १९९४ च्या मे महिन्यातच कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पुळ्याला येणारे टुरिस्ट दर्शन, बीच, मोदक करून परस्पर निघून जातात, त्यांनी तिकडे जरा वाट वाकडी करावी. ज्याने मराठीत सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, आणलं त्याचं घर म्हणजे अगदी आपल्या तुपल्या घरासारखं घर आहे, बाहेर झाडं आहेत, बसायला जागा आहे, आणि दुपारी सुद्धा तिथे सावलीत कुणीतरी कुणाला काहीतरी वाचून दाखवत बसलेलं सापडू शकतं.

सत्काराबद्दल मात्र काहीतरी करायला हवं. मे महिन्यात, रत्नागिरी-सिंधुदुर्गात, माणसाच्या अंगावर शाल टाकतात हो! घामाने निथळणारा कवी, वर लोकरीची शाल, आणि हातात नारळ. ज्याच्या घरामागे चाळीस माड आहेत त्याला नारळ. आमच्याकडे एकाने तो नारळ घेतला, कानाशी हलवून पाहिला, आणि म्हणाला, "ह्यो माझोच." बाजारात त्याने विकलेला, आयोजकांनी तिथूनच घेतलेला. त्यापेक्षा कोकम सरबत द्या, आणि ते वाचून झाल्यावर नको, वाचायच्या आधी द्या.

यंदाच्या वाचनात सगळ्यात शेवटी एक तिशीतला मुलगा उठला. गावातली बंद घरं सांभाळतो, किल्ल्या त्याच्याकडे असतात. त्याची कविता दुसऱ्यांच्या घरांची कौलं चाळण्याबद्दल, म्हणजे पावसाआधी ती काढून नीट लावण्याबद्दल होती, वर चढल्यावर फुटक्या कौलातून आतलं काय काय दिसतं, देव्हाऱ्यातला फोटो, गुंडाळलेली गादी, भिंतीवर दोन वर्षांमागचं कॅलेंडर, जूनवर थांबलेलं. पुढच्या ओळीत बसलेले चाकरमानी एकदम चूप. सोलांनी लाल-जांभळे झालेल्या हातांनी एक काकू टाळ्या वाजवत होत्या, बराच वेळ. कार्यक्रम संपल्यावर गोरेगावचे एक काका डोळे पुसत त्याच्याकडे गेले, त्याचा हात हातात घेतला, म्हणाले फार सुंदर लिहितोस रे बाबा, आत कुठेतरी लागलं. आणि मग जरा खाली आवाजात, "आमचंही तेवढं करून टाक ना पावसाच्या आधी. काय घेतोस?"

त्याने रेट सांगितला. कवितेमुळे काही कमी-जास्त केलं नाही.